एका चिठ्ठीमागचे खोके

माझा धाकटा काका गर्दुल्ला होता. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. आजी म्हणायची, "त्याची तब्येत बरी नसते." बाबा तर विषयच बदलायचे. लालबागच्या चाळीत वाढलेला, गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेला, 1982 च्या संपानंतर घरी बसलेला मुलगा. त्या वर्षांत परळ-लालबागच्या गल्लीगल्लीत गर्द मिळायची. काकाला पोलिसांनी दोनदा उचललं. एकदा बाबा त्याला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले, तिथे त्यांना सांगण्यात आलं की ही आमची केस नाही, याला पोलिसांकडे द्या. 1986 च्या डिसेंबरात काका गेला. सव्वीस वर्षांचा होता. मी तेव्हा नववीत होते.

हे आज लिहायचं कारण वरवर पाहता अगदी लांबचं आहे. गेले तीन महिने मी पीटर बॉर्न या माणसाबद्दल मिळेल ते वाचते आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांचे ते आरोग्य आणि अमली पदार्थ धोरणाचे सल्लागार होते. त्यांच्या कार्यालयाचे कागद अटलांटाच्या कार्टर ग्रंथालयात ठेवलेले आहेत.

मी त्यांच्यापर्यंत पोहोचले विक्रोळीमार्गे. आम्ही कन्नमवार नगरात राहायचो. कार्टर यांच्या आई लिलियन 1966 मध्ये, वयाच्या 68 व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या सेवा-योजनेच्या स्वयंसेविका म्हणून भारतात आल्या आणि आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा गोदरेज वसाहतीत त्यांनी परिचारिकेचं काम केलं. कुटुंबनियोजन, कुष्ठरोगी, लहान मुलांची आजारपणं. 1968 मध्ये त्या परत गेल्या. त्यांच्याबद्दल वाचता वाचता मुलाकडे वळले, आणि मुलाच्या माणसांमध्ये हा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर भेटला.

बॉर्न जन्माने इंग्लंडचे. 1960 च्या दशकात अमेरिकी लष्करात डॉक्टर म्हणून व्हिएतनामला गेले आणि लढाईच्या ताणाचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, यावर त्यांनी तिथे संशोधन केलं. कार्टर जॉर्जियाचे गव्हर्नर झाल्यावर राज्यातल्या हेरॉईनच्या व्यसनींसाठी उपचारांची व्यवस्था बॉर्न यांनी उभी केली. पुढे वॉशिंग्टनला अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारच्या व्यसनविरोधी कार्यालयातही त्यांनी काम केलं. आणि 1972 च्या उन्हाळ्यात, देशात कार्टर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसताना, "तुम्ही अध्यक्षपदाची निवडणूक लढवा" असं त्यांना लेखी कळवणाऱ्या पहिल्या काही माणसांत बॉर्न होते. कार्टर 1977 मध्ये खरंच अध्यक्ष झाले आणि आरोग्याचं काम बॉर्न यांच्याकडे आलं.

2 ऑगस्ट 1977 चा कार्टर यांचा काँग्रेसला पाठवलेला संदेश मी किती वेळा वाचला असेन, सांगता येणार नाही. एखादा पदार्थ जवळ बाळगल्याबद्दलची शिक्षा ही तो पदार्थ घेण्यापेक्षा माणसाचं जास्त नुकसान करणारी असू नये, असं त्यात सरळ म्हटलेलं आहे. एक औंसापर्यंत, म्हणजे साधारण 28 ग्रॅम गांजा जवळ सापडला तर केंद्रीय कायद्याने तुरुंगाऐवजी दंड असावा, अशी शिफारस होती. विकणाऱ्याला मोकळीक नव्हती. घेणारा आजारी आहे, त्याला गुन्हेगार करू नका, एवढंच म्हणणं होतं. अध्यक्षाच्या तोंडी आलेल्या या विचारामागे व्यसनींच्या उपचारांचं काम केलेला डॉक्टर होता.

मी नववीत असताना हे वाक्य आमच्या घरात कुणी म्हटलं असतं तर? मी इथे दरवेळी अडते.

पुढचं सगळं एका चिठ्ठीने झालं. 1978 च्या जुलैमध्ये बॉर्न यांनी आपल्या कार्यालयातल्या एका सहकारी स्त्रीसाठी झोपेच्या 15 गोळ्या लिहून दिल्या. औषध होतं मेथाक्वालोन, तिथलं नाव क्वालूड, कडक नियंत्रणाखालचं. चिठ्ठीवर त्यांनी त्या बाईंचं खरं नाव न घालता बनावट नाव घातलं. तिची खाजगी बाब बाहेर जाऊ नये म्हणून तसं केलं, असं त्यांचं म्हणणं होतं. व्हर्जिनियातल्या औषधाच्या दुकानात ती चिठ्ठी पकडली गेली. पाठोपाठ बातमी आली की आदल्या डिसेंबरात एका पार्टीत त्यांनी कोकेन घेतलं होतं. त्यांनी ते नाकारलं. 20 जुलै 1978 रोजी त्यांनी राजीनामा दिला.

हे मेथाक्वालोन आपल्या मातीतलं आहे. 1951 मध्ये सय्यद हुसेन झहीर आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते पहिल्यांदा बनवलं, ते मलेरियावरच्या औषधाच्या शोधात. झहीर पुढे सीएसआयआरचे, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक झाले. हेच औषध मँड्रेक्स या नावाने मुंबईकरांना माहीत झालं, आणि पुढे इथूनच चोरट्या मार्गाने दक्षिण आफ्रिकेपर्यंत जात राहिलं. मलेरियाच्या माणसाला बरं करायला निघालेली गोळी व्हाइट हाउसमधल्या डॉक्टरचं पद घेऊन गेली.

बॉर्न यांचं चुकलं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नियंत्रणाखालच्या औषधाच्या चिठ्ठीवर खोटं नाव घालणं कोणत्याही डॉक्टरला शोभणारं नाही, आणि जो देशाचं औषधधोरण ठरवतो त्याला तर अजिबात नाही. माझ्या एका मैत्रिणीने विचारलं, "अशा माणसाचे कागद कशाला जपायचे?" मी तिला म्हटलं, अशाच माणसाचे आधी जपायचे. कारण जगाच्या हातात फक्त ती चिठ्ठी राहिली. जगातल्या भुकेवर, गरीब देशांच्या आरोग्यावर, मानसिक आजारांवर, हेरॉईनच्या उपचारांवर त्या कार्यालयात दीड वर्ष जे काम चाललं होतं, ते सगळं त्या 15 गोळ्यांखाली गाडलं गेलं असतं. ग्रंथालयात कागदांचे खोके आहेत म्हणून गाडलं गेलं नाही.

आणि त्या खोक्यांची गोष्टही सरळ नाही. अमेरिकेत तोवर अध्यक्षाचे कागद ही अध्यक्षाची खाजगी मालमत्ता मानली जायची. वॉटरगेट प्रकरणात निक्सन यांच्या ध्वनिफिती आणि कागद कुणाचे यावरून जो वाद झाला, त्यानंतर कायदा बदलायचं ठरलं. अध्यक्षांचे दस्तऐवज जनतेचे, असं सांगणाऱ्या कायद्यावर कार्टर यांनी 4 नोव्हेंबर 1978 ला सही केली. बॉर्न गेल्यानंतर साडेतीन महिन्यांनी. पण तो लागू व्हायचा होता 20 जानेवारी 1981 पासून, म्हणजे कार्टर यांच्यावर तो बंधनकारक नव्हताच. त्यांनी आपले कागद देणगीपत्र करून देशाला दिले. आपल्या कारकिर्दीतली सगळ्यात लाजिरवाणी प्रकरणं ज्यात येतात ते कागदही त्यात आले. अटलांटाचं ग्रंथालय 1 ऑक्टोबर 1986 ला उघडलं, त्यांच्या वाढदिवसाला. तिथे कोट्यवधी पानं आहेत. वाचायला जाणाऱ्याने पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल न्यायची, एका वेळी एकच फोल्डर उघडायचा, पानांचा क्रम बदलायचा नाही.

मी अटलांटाला गेलेली नाही, जाईनसं वाटतही नाही. पण अशा अभिलेखागारांची एक पद्धत समजली आणि मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. एखादा कागद गोपनीय असेल किंवा कुणाच्या खाजगी आयुष्याशी जोडलेला असेल, तर तो फोल्डरमधून काढून ठेवतात. पण जागा रिकामी ठेवत नाहीत. तिथे एक तक्ता लावतात: इथला कागद काढला आहे, तो पत्र होता की टिपण, कुणी कुणाला लिहिलं होतं, तारीख काय, पानं किती, आणि काढायचं कारण कोणतं. म्हणजे जे दाखवता येत नाही तेही होतं, एवढं कबूल केलेलं असतं. वाचणारा विचारू शकतो की आता तरी उघडाल का. कित्येक वर्षांनी काही कागद खरोखर उघडतातही.

आमच्या घरात काकाच्या जागी असा तक्ताही नाही.

त्या 1986 सालाने मला पुरतं धरून ठेवलंय. बॉर्न गेल्यावर गांजाच्या शिक्षेबद्दलची शिफारस मागे पडली. ती एकट्या त्यांच्यामुळे पडली असं मी म्हणणार नाही. मुलांच्या हातात गांजा पाहून घाबरलेल्या पालकांची चळवळ तिकडे जोर धरत होती आणि त्यांची भीती खोटी नव्हती. 1973 मध्ये ऑरेगनपासून सुरू होऊन 1978 पर्यंत 11 राज्यांनी शिक्षा सौम्य केल्या, आणि मग ती लाट थांबली ती बरीच वर्षं. 27 ऑक्टोबर 1986 ला तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी अमली पदार्थांच्या नव्या कायद्यावर सही केली. त्यात 5 ग्रॅम क्रॅकला, म्हणजे ओढायच्या खड्यांच्या रूपातल्या कोकेनला, किमान 5 वर्षांचा तुरुंग, आणि पावडर कोकेनला तेवढ्याच शिक्षेसाठी 500 ग्रॅम लागायचे. क्रॅकसाठी पकडले जाणारे बहुतेक गरीब आणि काळे. हा फरक कमी करायला 2010 साल उजाडलं, आणि तेव्हाही तो पूर्ण गेला नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याच व्हाइट हाउसमधून निघालेलं ते शिक्षेबद्दलचं वाक्य तोवर कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ते कागदावर होतं. कायदा झाला त्याच महिन्यात अटलांटात ते ग्रंथालय उघडलं.

आपल्याकडे एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा 14 नोव्हेंबर 1985 ला लागू झाला होता. पोलिसांना त्याची भाषा लगेच कळली. उपचाराची भाषा यायला वेळ लागला. 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात मुक्तांगण सुरू झालं, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने. व्यसनी माणसाला पेशंट म्हणणारी जागा. काकाला अजून चार महिने होते. लालबागहून पुणं चार तासांवर. आम्हाला कुणी सांगितलंच नाही. मी कुणाला दोष देत नाही, बाबांनाही नाही. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते, घाबरलेले होते, आणि ज्याला विचारलं त्याने पोलिसांचा रस्ता दाखवला.

बॉर्न यांचं पुढे काय झालं, तेही सांगते: ते संयुक्त राष्ट्रांत गेले आणि 1981 ते 1990 या पिण्याच्या पाणी आणि स्वच्छतेच्या आंतरराष्ट्रीय दशकाच्या कामाची धुरा सुरुवातीला त्यांनी वाहिली. त्या दशकात गरीब देशांच्या गावोगाव जो हातपंप बसला तो इंडिया मार्क टू. त्याचं मूळ आपल्या सोलापूर पंपात. दुष्काळी भागातल्या बोअरवेलवर टिकेल असा पंप सोलापूर-जालन्याकडे ख्रिस्ती मिशनच्या कामातून घडत गेला, आणि युनिसेफच्या मदतीने त्याचा मार्क टू झाला. बातम्यांनी संपवलेला माणूस, आणि त्याच्या कामाची एक बाजू सोलापूरच्या पंपाशी जाऊन मिळते. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. का आलं ते नीट सांगता येत नाही.

म्हणून आता मीही एक फोल्डर केला आहे. खाकी, साधा. त्यात काकाचा एकच फोटो, चौपाटीवरचा, मागे आजीच्या अक्षरात "गणपती 1979". गिरणीचं बदली कार्ड मोठ्या आत्याकडे निघालं, तिने ते पोथीत ठेवलं होतं. बाकीच्यासाठी मी तक्ता लिहिला आहे. दवाखान्याचा केसपेपर: 1 पान, 1985, फाडून टाकला. पोलीस ठाण्यातली जबानी: पानं माहीत नाहीत, कधी मिळाली नाही. आजीला लिहिलेलं पत्र: 2 पानं, नोव्हेंबर 1986, आजीबरोबर सरणावर गेलं, तिचीच इच्छा.

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या आई-वडिलांनी, 1980 ते 1990 मध्ये लालबाग, परळ, भायखळा, डोंगरी भागात व्यसनींसोबत काम केलं असेल, डॉक्टर म्हणून, समाजसेवक म्हणून, मंडळाचा कार्यकर्ता म्हणून, तर घरात वह्या, रजिस्टरं, पत्रकं असतील. या दिवाळीच्या सफाईत ती रद्दीवाल्याला देऊ नका. मला इनबॉक्समध्ये कळवा. मी येऊन पानं मोजीन, यादी करीन, ज्यांची नावं झाकायला हवीत ती झाकीन, आणि वह्या तुमच्याच कपाटात परत ठेवून येईन.