स्वारी होती हे मान्य, पण मग विल्यमने अटी का पत्करल्या?

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तर जरा लांबच लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडची १६८८ची ‘वैभवशाली क्रांती’ म्हणजे डच फौजेची स्वारी, राजा आणि प्रजा यांच्यातल्या कराराचा विचार मांडणाऱ्या तत्त्वज्ञ जॉन लॉकचा ग्रंथ सगळं उरकल्यावर छापला गेला, तेव्हा राजाला वेसण विचारांनी घातली हे माझं विधान भाबडं आहे.

स्वारी होती यात वादच नाही. ५ नोव्हेंबर १६८८ला डच सत्ताधीश विल्यम इंग्लंडमधल्या टॉरबेच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याचा ताफा १५८८च्या स्पॅनिश आरमाराहून मोठा होता. पण स्वारीने राजा बदलतो. लंडनमध्ये स्वतःची फौज बसलेली असताना जिंकणाऱ्याने पळालेल्या दुसऱ्या जेम्स राजापेक्षा कमी अधिकार का घ्यावेत, हे काही त्यातून उलगडत नाही.

पैसा, असं तुम्ही म्हणता. खरं आहे, आणि मला तोच भाग सर्वांत रंजक वाटतो. १६८५मध्ये पार्लमेंटने जेम्सला जकातीचं उत्पन्न तहहयात देऊन टाकलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने पार्लमेंट तहकूब केलं, ते पुन्हा भरवलंच नाही; गरजच उरली नव्हती! १६९०मध्ये तीच जकात विल्यमला मिळाली फक्त चार वर्षांसाठी. फौजेचंही तेच. शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीशिवाय खडी फौज ठेवायची नाही, आणि फौजेत शिस्त राखण्याचा कायदा मुदतीचा, पुन्हा पुन्हा मंजूर करून घ्यायचा.

पण पैशाच्या नाड्या पहिल्या चार्ल्सच्या वेळीही पार्लमेंटकडे होत्याच की. त्याने १६२९ ते १६४० पार्लमेंटविना कारभार रेटला, पुढे यादवी झाली, १६४९मध्ये त्याचं शीर उडवलं आणि १६६०मध्ये त्याचाच मुलगा गादीवर आला. राजाची माणसं बदलली, राजा कुणाला जबाबदार हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर २८ जानेवारी १६८९च्या कॉमन्सच्या, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाच्या, ठरावात दिसतं: राजा आणि प्रजा यांच्यातला मूळ करार जेम्सने मोडला, आणि सिंहासन रिकामं आहे. लॉकचा ग्रंथ तेव्हा छापलेलाही नव्हता. म्हणजे तुम्ही दिलेली तारीख माझ्याच बाजूने बोलते. कराराची भाषा ग्रंथाची वाट न पाहता खासदारांच्या तोंडी आली होती. लॉर्ड्‌सनी (वरच्या सभागृहाने) ‘रिकामं’ या शब्दावर बरीच खळखळ केली. शेवटी संमत झालेल्या हक्कांच्या कायद्यात तर ‘करार’ हा शब्दच नाही, राजाची बाजू घेणाऱ्या टोरी गटाला सांभाळून घ्यायचं होतं. (हा मुद्दा माझ्याविरुद्ध वापरता आला असता, तुम्ही सोडलात.) पण राजाने नुसत्या हुकमाने कायदा स्थगित करणं बेकायदेशीर, हे कलम त्यात आहेच.

‘फ्रान्सने राजा मारून सम्राट मिळवला’ हे तुमचं वाक्य चटकदार आहे. मात्र सम्राट नेपोलियननंतर १८१४मध्ये परतलेल्या अठराव्या लुई राजालाही स्वतःच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद द्यावीच लागली.

राहिलं ‘विल्यम पार्लमेंटच्या हातचं बाहुलं’. अजिबात नाही. दर तीन वर्षांनी निवडणूक सक्तीची करणारं विधेयक त्याने १६९३मध्ये नकाराधिकार वापरून फेटाळलं. पण फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि त्याचा खर्च पार्लमेंटच मंजूर करणार होतं. १६९४च्या डिसेंबरात त्याने त्याच मागणीच्या कायद्याला संमती दिली.