बॅजरचं बीळ बुजवायला निघालेल्या काकांसाठी

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडमध्ये, स्विंडनला आलीये आणि तिच्या फोनवर काय काय येतं याचा रिपोर्ट मला रोज सकाळी चहाबरोबर मिळतो. आल्याचे फायदे, डाव्या कुशीवर झोपा, वगैरे. त्याचं मला काही नाही. पण दिवाळीच्या आठवड्यात सकाळी मागचं दार उघडलं तर पायरीवर स्टीलच्या ताटलीत दूध आणि कुस्करलेला ब्रेड. म्हटलं हे काय, तर म्हणे "अगं, मेसेज आलाय, सगळ्यांनी करायचंय."

मेसेज इथल्याच मराठी लोकांच्या ग्रुपवरून फिरत आलेला, इथल्या दोन रानटी प्राण्यांबद्दल: हेजहॉग, म्हणजे काटेरी अंगाचा छोटासा प्राणी, आणि बॅजर, म्हणजे तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, बिळात राहणारा. थोडक्यात असा: हेजहॉग म्हणजे आपलं साळिंदर, बॅजर त्यांना खाऊन संपवतायत, दोघेही हिवाळाभर गाढ झोपतात त्यामुळे जानेवारीत बॅजरचं बीळ दगडमातीने बुजवलं तर त्यांना कळतही नाही, आणि उरलेल्या हेजहॉगना रोज रात्री दूध-ब्रेड द्या, पुण्य मिळेल. खाली पाठीवर सफरचंद टोचून चाललेल्या हेजहॉगचं चित्र. हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसले असते, पण त्याखाली एका काकांचं उत्तर होतं, "आमच्या मागच्या बांधावर एक बीळ आहे, बघतो या विकेंडला." म्हणून हे लिहायला बसले.

तर काका, आधी बीळ.

बॅजर हिवाळाभर झोपत नाही. थंडीत तो सुस्तावतो, शरद ऋतूत खाऊन खाऊन साठवलेल्या चरबीवर काढतो, कडाक्याच्या थंडीत काही रात्री बाहेरच येत नाही, पण जरा उबदार रात्र आली की निघाला चरायला. आणि मेसेजने सुचवलेला जानेवारी हा सगळ्यात वाईट महिना आहे. बॅजरचं मीलन वर्षात कधीही होऊ शकतं, पण गर्भ महिनोन्महिने तसाच थांबून राहतो, गर्भाशयात रुजतो तो थेट डिसेंबरच्या आसपास, आणि पिल्लं होतात साधारण फेब्रुवारीत, जमिनीखाली, गवताच्या अंथरुणावर, डोळे मिटलेली. एका वेळी दोन-तीन. ती एप्रिलच्या सुमाराला पहिल्यांदा बाहेर तोंड काढतात. म्हणजे जानेवारीत तुम्ही जे बुजवणार त्याच्या आत गाभण मादी, आणि एकटी नाही तर तिचं सगळं कुटुंब, कारण इथले बॅजर गोतावळ्याने राहतात, एकच बीळ पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेतात, अगदी आपल्याकडच्या वाड्यासारखं. पावलांच्या वाटा, बाहेर वाळत पडलेलं जुनं गवत, ठरलेली शौचाची खड्डेवजा जागा, सगळी व्यवस्था असते. आणि दया येत नसेल तर कायदा तरी बघा: १९९२चा बॅजर संरक्षण कायदा आहे, बीळ बुजवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. व्हिसावर असलेल्या माणसाने तर या भानगडीत पडूच नये.

"पण टीबी पसरवतात ना?" असं त्याच ग्रुपवर कोणीतरी विचारलंय. हो, गाईंच्या टीबीचा प्रश्न खरा आहे, २०१३पासून इंग्लंडमध्ये सरकारी परवान्याने बॅजर मारलेही गेलेत. परवाना, काका. फावडं नाही.

खरं गाढ झोपणारा आहे तो हेजहॉग. साधारण नोव्हेंबर ते मार्च. हृदयाचे ठोके मिनिटाला १९०च्या घरातून २०वर येतात, अंग गार पडतं, हातात घेतला तर मेलाय असंच वाटेल. आणि झोपतो कुठे, तर पाचोळ्याच्या, काटक्यांच्या ढिगात. इथे ५ नोव्हेंबरच्या सणाच्या शेकोटीसाठी लोक आधीच लाकडं रचून ठेवतात आणि हा आत जाऊन बसतो. म्हणजे झोपलेल्याला धोका आहे तो आपल्या काडेपेटीचा, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

आता "बॅजर हेजहॉग खातात" हे. खातात, नाइलाजाने मान्य. गुंडाळलेला हेजहॉग उघडता येईल अशी नखं आणि ताकद इथे जवळजवळ फक्त बॅजरकडे आहे, आणि दोघांचं जेवणही तेच, गांडुळं आणि भुंगे, त्यामुळे भांडण आहेच. बॅजर मारलेल्या भागांत बागा-मैदानांवर हेजहॉग दुपटीहून जास्त दिसल्याचं संशोधनही आहे. पण तेवढंच सांगून थांबायचं म्हणजे लबाडी. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास बघा, इंग्लंड आणि वेल्सच्या ग्रामीण भागात २६१ ठिकाणी बोगद्यासारखे खोके ठेवले, आत खाऊ आणि शाईचा पट्टा, जो येईल त्याची पावलं कागदावर. हेजहॉग सापडले जेमतेम पाचांतल्या एका ठिकाणी. बॅजर जास्त तिथे हेजहॉग कमी, हे त्यातही आलं. पण कित्येक ठिकाणी दोघांचाही पत्ता नाही! म्हणजे तिथली जमीनच कोणाला राहण्यासारखी उरली नाही, कुंपणाची झुडपं उपटली, कीटक औषधाने मारले, मध्ये रस्ता. बॅजर नाही तिथे हेजहॉग कोणी खाल्ले, काका? दोघं हजारो वर्षं शेजारी राहतायत, गेल्या काही दशकांतच बॅजरला एवढी भूक लागली का?

बाकीचं भराभर. हेजहॉग साळिंदर नाही. साळिंदर उंदराच्या गोतातलं, हेजहॉग आपल्या चिचुंद्रीच्या. बॅजर पाणमांजराच्या कुळातला. सफरचंदाची गोष्ट प्लिनी नावाच्या रोमन माणसाने पहिल्या शतकात लिहून ठेवलीय, म्हणजे फॉरवर्ड तेव्हाही होते. आणि हेजहॉगला बॅजरसारखं कुटुंब नसतं, नर मीलन झालं की चालता होतो, महिन्याभरात चार-पाच पिल्लं, दीडेक महिन्यात तीही आपापल्या वाटेने.

दूध-ब्रेड. हेजहॉगला दूध पचत नाही, जुलाब होतात, लहान पिल्लू त्यात मरूही शकतं. "पण ताटली चाटून पुसून ठेवली होती" असं आई म्हणाली. मी म्हटलं, शुगर असून मामा पेढे सोडतो का? मग ती हसली. ठेवायचंच असेल तर पसरट भांड्यात पाणी आणि मांजराचं मांसाहारी खाणं. आता आमच्या शाकाहारी घरात रोज संध्याकाळी आई नाकाला पदर लावून, लांब दांड्याच्या चमच्याने, डब्यातलं ते खाणं ताटलीत काढते, आणि चमचा बाहेरच्या नळावर धुते. आत आणत नाही.

हेजहॉगला ये-जा करायला कुंपणाला खालून १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडून घेतलंय, शेजारच्या आजोबांनीच करवत दिली. शेडमागचा पाचोळा मात्र आईला अजून बघवत नाही. रोज सकाळी खराटा घेऊन तिथपर्यंत जाते, जरा वेळ उभी राहते आणि परत येते.