करपलेला भात आणि खरवड: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘खवय्या सदाशिवपेठी’ यांस,

कल्याणीनगरच्या नव्या स्पॅनिश रेस्टॉरंटवर मी लिहिलं, त्याखाली काल रात्री तुम्ही लिहिलेलं आज सकाळी वाचलं. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. मी किंमत खरी सांगितली नाही. बटाट्याच्या चार फोडींना ‘तापास’ म्हणून डोक्यावर घेतलं. असली हॉटेलं वर्षभरात बंद पडतात. लिहिणाऱ्यांना जेवण फुकट मिळतं. आणि शेवटचं वाक्य: “दीड हजार देऊन करपलेला भात खाऊन आलात आणि वर कौतुक करताय, आमच्या घरी असला भात कुत्र्याला घालतात.”

किमतीबद्दल तुमचं बरोबर आहे. मी पाएयाचे, म्हणजे त्या स्पॅनिश भाताचे, १,४५० रुपये लिहिले, त्यावरचा ५ टक्के जीएसटी धरला नव्हता. तो धरून १,५२२ रुपये ५० पैसे होतात. लेखात दुरुस्ती केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. फुकटचं म्हणाल तर बिल मी माझ्या पैशांनी भरलं, त्यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही. तापास म्हणजे चौघांत मिळून खायच्या लहान लहान बश्या, त्या एकट्याचं पोट भरायला नसतातच. हॉटेलं बंद पडतात, खरं आहे. पण डेक्कनचं गुडलकसुद्धा १९३५ साली नवीनच होतं, तेव्हाही कोणीतरी पहिल्यांदा जाऊन बसलंच असेल.

आता त्या वाक्याबद्दल. आज दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही.

“मला आवडलं नाही” एवढंच लिहिलं असतंत तर मी वाचून पुढे गेले असते. पण तुम्ही तिथे गेलेलाच नाहीत. “फोटो बघूनच कळतं” असं तुम्हीच लिहिलंय. न चाखलेल्या पदार्थासाठी कुत्र्याला मध्ये आणायची काय गरज होती? तो भात कोणीतरी पाऊण तास शेगडीसमोर उभं राहून केलेला होता. असं बोलणं मला कोणाच्याही स्वयंपाकाबद्दल चालत नाही, मग ते हॉटेल असो की शेजारचं घर.

आणि करपलेला भात म्हणजे काय, हे मला फोटोवरून शिकवू नका. माझ्या वडिलांची सदाशिव पेठेत खानावळ होती. १९७८ ते १९९६, अठरा वर्षं. दोन वेळा चाळीस-चाळीस पानं, बहुतेक बाहेरगावहून शिकायला आलेली मुलं. पितळी पातेल्यात पाच किलो तांदूळ शिजायचा आणि उलथन्याने तळ सोडवायचं काम माझ्याकडे असायचं. आमच्याकडे तीन वेगळे शब्द होते. भात ‘लागला’ म्हणजे तळाशी चिकटला, वरचा चांगला. भात ‘करपला’ म्हणजे काळा झाला, करपट वास वरपर्यंत गेला, सगळं पातेलं वाया. आणि ‘खरवड’ म्हणजे तळाचा तो बदामी, कुरकुरीत पापुद्रा. खरवडीवर आई तूप-मीठ घालायची, कधी ताक आणि मेतकूट. ज्या मुलाचं घरून पत्र आलेलं नसेल त्याच्या पानात ती आधी पडायची. एकदा, परीक्षेच्या दिवसांत, भात खरोखर करपला. वडिलांनी पातेलं सरळ गोठ्यावर पाठवलं आणि नव्याने आधण ठेवलं. चाळीस मुलं पाऊण तास ताटकळली, पण करपट शीत कोणाच्या पानात पडलं नाही. त्या माणसाची मी मुलगी आहे. करपलेला भात मी कौतुकाने खाईन, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?

पाएयाच्या तळाला जे असतं त्याला ‘सोकार्रात’ म्हणतात. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकले आहे, म्हणून हेही स्वतःहून सांगते: तो शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ होरपळणं, वरवर भाजणं असाच आहे. पण खरवड तरी ‘खरवडणं’वरूनच आली ना? म्हणून ती काही भांड्याचा मळ ठरत नाही.

ती पापुद्री आपोआप येत नाही. पाएया हे मुळात भांड्याचं नाव, रुंद, उथळ, बिनझाकणाचं. तांदळाचा थर बोटभरसुद्धा नसतो. बोम्बा हा तिकडचा आखूड तांदूळ भरपूर रस्सा पितो पण फुटत नाही. रस्सा ओतून तांदूळ पसरले की त्याला पुन्हा चमचा लावायचा नाही. आपण खिचडी हलवतो तशी हलवली की पिठूळपणा बाहेर येतो आणि सगळं गिचका. (मी घरी इंद्रायणीवर करून बघितलं, ती चिकट असल्याने पहिल्या दोन वेळा लगदाच झाला.) पाणी आटत आलं की शेवटचं मिनिट-दीड मिनिट आंच वाढवायची आणि कान द्यायचा. आधी बुडबुड्यांचा आवाज असतो, पाणी संपलं की तेलात तडतड सुरू होते. तिथे थांबायचं. जरा जास्त थांबलात तर कडू, आधी उतरवलंत तर नुसता ओला भात. इराणी लोकांत यालाच तहदीग म्हणतात, भांड्याच्या तळाचं. तेही पाहुण्यांसाठी राखून ठेवतात.

२०१७ साली मी व्हॅलेन्सियाजवळच्या एल पाल्मार या गावी गेले होते. आल्बुफेरा तळ्याच्या काठी, चहूबाजूंनी भातखाचरं, थेट आपल्या मावळाची आठवण यावी अशी. रविवारची दुपार होती. संत्र्याच्या झाडाची लाकडं, त्यावर भांडं, त्यात कोंबडी, ससा, शेंगा, पांढरे चपटे दाणे, केशर. (ससा मी बाजूला ठेवला.) सगळे भांड्याभोवती बसून लाकडी चमच्याने आपापल्या पुढचा भाग खात होते. शेवटी घरच्या बाईंनी मधला तळ खरवडला आणि माझ्या पुढ्यात सरकवला. मला आमच्या खानावळीतली पत्र न आलेली मुलं आठवली. डोळे भरून आले होते, हे मी लेखात लिहिलं नव्हतं, तुमच्यामुळे आज लिहावं लागतंय.

कल्याणीनगरच्या त्या भाताचा तळ बदामी होता, काळा नव्हता, कडू नव्हता. फोटो रात्रीच्या पिवळ्या दिव्यात काढला म्हणून गडद आलाय, एवढं तुमच्या बाजूने धरते.

तुम्ही जा. दुपारी जा, पाऊण तास हाताशी ठेवा आणि शेवटी तळ खरवडायला चमचा मागून घ्या. कडू लागलं तर इथेच लिहा, एक अक्षर न बदलता ठेवीन. कुत्र्याचं वाक्य मात्र परत आलं तर काढून टाकीन.