म्युझिक सर्व्हर जागा व्हायला ११ मिनिटं: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण खोटी नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: म्युझिक सर्व्हरवरचा (घरातली गाणी नेटवर्कवरून ऐकवणारा प्रोग्रॅम) माझा लेख वाचून तुम्ही वायफाय सोडून गिगाबिट केबल टाकली, मोठी फाइल आता सेकंदाला १०० मेगाबाइटने कॉपी होते, तरी नॅसवरच्या (नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवणारी पेटी) १८,००० गाण्यांचं स्कॅन, म्हणजे सर्व्हरने एकेक फाइल तपासून यादी बनवणं, दर रीस्टार्टला ११ मिनिटं खातंच. आणि ‘सुरू होतानाचं स्कॅन बंद करा’ हा माझा दुसरा सल्ला म्हणजे ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फोडणं.

केबलबाबत चूक माझी. एकच मोठी फाइल सलग वाचताना केबलचा वेग कामी येतो. स्कॅनमध्ये मात्र १८,००० वेळा फाइल उघडायची, चिमूटभर वाचायचं आणि बंद करायची. एमपीथ्रीचा हल्लीचा टॅग (गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती) सहसा फाइलच्या सुरुवातीला असतो, जुना असेल तर शेवटच्या १२८ बाइटांत, म्हणून बरेच स्कॅनर दोन्ही टोकं चाचपून बघतात. फाइलमागे नॅसकडे पाच हेलपाटे धरा, म्हणजे एकूण ९०,०००. केबलवर हेलपाट्याला अर्धा मिलिसेकंद धरला तर ४५ सेकंद झाले. वायफायवर पाच मिलिसेकंद धरले तर साडेसात मिनिटं.

मग केबल टाकूनही बाकीची दहा मिनिटं जातात कुठे? बहुधा नॅसमधल्या हार्ड डिस्कमध्ये. हेड नव्या जागी न्यायचं आणि तबकडी फिरून हवा तो भाग त्याखाली येईपर्यंत थांबायचं, यात साधारण १२ मिलिसेकंद जातात. फाइलमागे असं तीनदा झालं तर ६४८ सेकंद. हा ढोबळ हिशेब आहे, पण तुमच्या ११ मिनिटांच्या अगदी शेजारी येऊन बसतो. केबल कितीही जाड घ्या, तबकडी आपल्याच चालीने फिरणार.

पण तुमच्या प्रतिक्रियेतला खरा धागा ‘दर वेळी’ या दोन शब्दांत आहे. पहिल्या स्कॅनला ११ मिनिटं लागली तर माझी तक्रार नाही. दुसऱ्या वेळी सर्व्हरने फक्त फाइलची तारीख नि आकार डेटाबेसशी, म्हणजे आधी बनवलेल्या यादीशी, ताडून पुढे जायचं असतं, फाइल उघडायचीच नसते. दुसरं स्कॅन पहिल्याइतकाच वेळ घेतंय, याचा अर्थ सर्व्हर मधल्या काळात सगळं विसरलाय.

माझ्याकडे हेच झालं होतं. दोन आठवडे मी राउटर, स्विच, केबल सगळं उलटसुलट केलं. शेवटी लॉग (सर्व्हरने केलेल्या कामांची नोंदवही) नीट वाचला, तेव्हा सुरुवातीलाच हजारो गाणी ‘काढली’ आणि मिनिटाभराने तेवढीच ‘नवीन सापडली’ अशी नोंद दिसली. वीज जाऊन आली की सर्व्हर चालवणारा छोटा संगणक नॅसच्या आधी उठायचा. म्युझिक सर्व्हर गाण्यांच्या फोल्डरात डोकवायचा, तिथे अजून काही माउंटच झालेलं नसायचं, म्हणजे नॅस त्या फोल्डरला जोडलेलाच नसायचा. रिकामा फोल्डर पाहून तो इमानेइतबारे सगळी लायब्ररी पुसून टाकायचा. मग नॅस जागा झाला की पुन्हा श्रीगणेशा. लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ (RequiresMountsFor) ही एक ओळ घातली, म्हणजे माउंट होईपर्यंत सर्व्हर सुरूच होत नाही. तेव्हापासून रीस्टार्टनंतर लावलेलं स्कॅन चहा गाळून होईपर्यंत आटोपतं.

तुमच्याकडे कारण वेगळंही असू शकेल. सर्व्हर कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा चालवायचा बंदिस्त डबा) असेल आणि डेटाबेस बाहेरच्या फोल्डरात ठेवलेला नसेल, तर कंटेनर नव्याने बनवला की डेटाबेसही गेला. तो बाहेर ठेवा, पण कृपा करून नॅसवर नको, सर्व्हरच्याच डिस्कवर. नेटवर्कवरून फाइल-लॉकिंगचा (एका वेळी एकानेच फाइलमध्ये लिहावं म्हणून लावलेलं कुलूप) भरवसा नसतो, एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणारे स्वतःच तसं बजावतात.

सर्व्हरने फोल्डरवर नुसती नजर का ठेवू नये, हा तुमचा प्रश्नही रास्त आहे. गाणी त्याच संगणकावर असती तर लिनक्सच्या आयनोटिफाय या फाइलींतले बदल कळवणाऱ्या सोयीने ते काम चोख केलं असतं. पण त्याला दिसतात ते फक्त त्याच संगणकावरून झालेले बदल. तुम्ही लॅपटॉपवरून थेट नॅसवर अल्बम टाकलात, तर सर्व्हरला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून मी सुरू होतानाचं स्कॅन बंद ठेवतो आणि नवं काही टाकलं की हाताने स्कॅन लावतो. ही दुसरी गोष्ट मूळ लेखात लिहायची राहिली, त्यामुळे थर्मामीटरचा टोमणा मला मान्य आहे.

आता एवढं करा: नॅस चालू असताना लागोपाठ दोनदा स्कॅन लावा आणि दुसऱ्याचा वेळ मोजा. ते झटपट झालं, तर गोम रीस्टार्टमध्ये आहे. लॉगमध्ये ‘काढली’ आणि ‘नवीन’ हे आकडे सारखे दिसतात का पाहा आणि इथेच कळवा. दुसऱ्यालाही ११ मिनिटं लागली, तर सर्व्हरचं नाव नि आवृत्ती लिहा, कारण मग माझा वरचा तर्कही फसला. केबलचं वाक्य मूळ लेखातून आजच खोडलंय.