पोटाला विश्रांती नको, पाणी हवं

विश्वामित्री नदीचं पाणी चढून ओसरलं की आठवड्याभरात घरोघरी झाडा-उलटी सुरू होते, हे बडोद्यात कुणाला सांगायला नको. त्याच दिवसांत एक निरोप दरवर्षी परत फिरू लागतो. आमच्या दांडिया बाजारातल्या भिशीच्या गटात तो काल तिसऱ्यांदा आला: "जुलाब झाल्यास चोवीस तास पोटाला पूर्ण विश्रांती, पाणीही देऊ नये. लगेच बंद होण्याची गोळी व अँटिबायोटिक सुरू करावे. ओआरएसचा तयार टेट्रापॅक उत्तम. हा आजार फक्त बाहेरच्या खाण्याने होतो."

मी सव्वीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते. निरोपातलं पहिलंच वाक्य जीवघेणं आहे, म्हणून सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच लिहिते.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला शेजारची सूनबाई दहा महिन्यांच्या लेकाला घेऊन दारात उभी. सकाळपासून नऊ जुलाब. हाच निरोप वाचून सासूबाईंनी वरचं पाणी आणि अंगावरचं दूध, दोन्ही बंद केलेलं. बाळ रडत होतं, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. टाळू खोल गेलेली, लंगोट दुपारपासून कोरडा. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर वळी सावकाश बसली. "मावशी, पाजलं की ओकतो हो," ती म्हणाली. वाटी-चमचा घेतला आणि मिनिटाला एक चमचा असं ओआरएस सुरू केलं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, परत सुरू करायचं. रिक्षात बसूनही ती चमच्याने पाजतच दवाखान्यात गेली. पहाटे बाळाला लघवी झाली.

पाणी बंद केल्याने जुलाब थांबत नाहीत. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस आतड्याचं अस्तर दुखावतात, कॉलऱ्याचा जंतू विष सोडून आतड्यातून पाणी ओतायला लावतो. आपण प्यायलो नाही तरी अंगातलं पाणी आणि क्षार जातच राहतात, आणि माणूस बहुतेक वेळा त्यानेच दगावतो. पण आतडं आजारी असलं तरी साखर आणि मीठ बरोबरीने आत घेतं, आणि त्यांच्या मागे पाणी ओढलं जातं. ओआरएस याच जोरावर चालतं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी रुग्णांना पाजलं, आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं.

अंगावरचं दूध तर मुळीच तोडू नका. मोठ्यांनी मऊ मुगाची खिचडी, ताक-भात, जे जाईल ते थोडं थोडं खावं.

ओआरएसची पुडी कालवताना मात्र चूक होते. अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने टाकतात, ते फार खारट होऊन बाळाला बाधतं. मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात कालवायची. 200 मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवर वाचून घ्या. उरलेलं चोवीस तासांनी ओतून द्यायचं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि तसाच अर्धा छोटा चमचा मीठ. टेट्रापॅकमधल्या गोड पेयांत साखर भरमसाट आणि मीठ नावाला, त्याने जुलाब वाढतात. ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ओआरएस हा शब्द लिहायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली ती यासाठीच.

गोळ्यांचं थोडक्यात. जुलाब बंद करणारी गोळी आतड्याची हालचाल मंदावते. ताप किंवा रक्त असेल तर जंतू आत कोंडतात, आणि लहान मुलांना ती द्यायचीच नाही. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. रक्ती आव किंवा कॉलरा असेल तर ते लागतं, पण ठरवायचं डॉक्टरांनी. मुलांना खरा उपयोग झिंकचा: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी मधे सोडायचं नाही. बाळाला रोटाव्हायरसचे थेंब सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

मूल पाणीच पीत नसेल, सुस्त पडलं असेल, शौचात रक्त असेल, सहा तास लघवी नसेल, तर रात्र असो की पहाट, उठून दवाखाना गाठा.

राहिलं बाहेरचं खाणं. 2018 च्या पावसाळ्यात महापालिकेने पाणीपुरीवर बंदी घातली होती, आणि पाणीपुरीच्या पाण्याची भीती खोटी नाही. पण "फक्त" हा शब्द चूक आहे. आजवा तलावाचं शुद्ध होऊन निघालेलं पाणीही गटाराशेजारच्या फुटक्या नळीतून येताना, दाब कमी झाला की, बाहेरची घाण आत ओढतं. ते दिसायला स्वच्छ असू शकतं. फडक्याने गाळलेल्या पाण्यात व्हायरस तसाच राहतो, उकळायलाच हवं, खळखळून एक मिनिट तरी. आणि नोरोव्हायरस एका घरातून दुसऱ्या घरात जातो तो हातांवरून. त्यावर सॅनिटायझरचा फारसा उपयोग नाही. बाळाचा लंगोट बदलल्यावर आणि वाटी-चमचा हातात घेण्याआधी साबणाने हात धुवा.