‘पुस्तकातली मजा नाही’

कादंबरीवरून केलेल्या कोणत्याही चित्रपटाचा विषय निघाला की, कुणीतरी ‘पुस्तकातली मजा त्यात नाही’ असे ठामपणे सांगतो आणि चर्चा तिथेच संपते, याचा मला आता मनापासून संताप येतो. कोणता प्रसंग गाळला, का गाळला, त्याच्या जागी दिग्दर्शकाने काय उभे केले, हे विचारावे तर उत्तर नसते. पुष्कळदा तर पुस्तकही वाचलेले नसते.

प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ सालचा ‘कुंकू’ हा चित्रपट घ्या. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो निघाला आणि पटकथाही आपट्यांनीच लिहिली. म्हणजे ज्याने शब्दांत गोष्ट सांगितली, त्यानेच ती पडद्यासाठी नव्याने रचली. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलेच नाही. घरातल्या, रस्त्यावरच्या, प्रसंगातून सहज उमटणाऱ्या आवाजांवर त्यांनी सगळा ताण पेलला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडून म्हाताऱ्या नवऱ्याच्या सरत्या आयुष्याची गोष्ट सांगून घेतली. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या तरुणीच्या भूमिकेतल्या शांता आपटे यांच्या डोळ्यांतला नकार आणि तिचा नवरा झालेल्या केशवराव दाते यांचा हळूहळू खचत जाणारा चेहरा कादंबरीच्या कोणत्या पानावर शोधायचा?

चित्रपट फसला असेल तर जरूर फसला म्हणावे, पण तो चित्रपट म्हणून कुठे फसला ते सांगावे. संकलन, ध्वनी, अभिनय यांबद्दल एक अक्षरही न बोलता केवळ गाळलेल्या प्रकरणांची यादी वाचून दाखवणे म्हणजे समीक्षा नव्हे.