मोरजीच्या वाळूचं मान्य, गोचिड्यांचं नाही

माझ्या गोव्याच्या सहलीवरच्या लेखाला ‘एक म्हापसेकर’ एवढीच सही करून तुम्ही प्रतिक्रिया लिहिलीत, नाव दिलं नाहीत, म्हणून काका म्हणते. वयाने लहान असाल तर माफ करा, पण ‘आमच्या वेळी गोव्यात’ हे दोनदा आलंय, त्यावरून अंदाज बांधला.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: मे महिन्यात आम्ही दोघं कोल्हापूरहून गुंड्याला घेऊन तीन दिवसांसाठी पेडणे तालुक्यात गेलो होतो. गुंड्या गावठी, सहा वर्षांचा, बावीस किलोचा. पहिला दिवस प्रवासात आणि एका भिकार खोलीत मातीत गेला, त्याचं रडगाणं मी लिहिलं. त्यावर काकांचं म्हणणं असं, की घाटी लोक कुत्री घेऊन येतात, स्वस्तातली खोली धरतात आणि नावं मात्र गोव्याला ठेवतात. कुत्रं घरी ठेवायचं, नाहीतर रेल्वेने आणायचं. गोचिड्या तुमच्याच कुत्र्याच्या असणार. आणि मोरजीच्या किनाऱ्यावर त्याला मोकळं सोडलंत, याची लाज वाटायला हवी होती.

शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात.

मोरजीला कासवं अंडी घालतात हे मला माहीत होतं. वाचून माहीत होतं, म्हणजे नसल्यासारखंच. ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात येतात, मग मे महिन्यात काय उरणार, असा माझा हिशोब. पण अंड्यातून पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने जातात, म्हणजे मार्चच्या शेवटी घातलेली अंडी मे उजाडला तरी वाळूतच असू शकतात. वनखातं तिथे जाळ्या लावून घरटी राखतं ते उगाच नव्हे. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला. गुंड्या मान खाली घालून पुढच्या दोन्ही पायांनी खणतोय, वाळू पोटाखालून मागे उडतेय, आणि फोटोखाली मी लिहिलंय, ‘पोराची मजा’. तिथे खाली काही नव्हतं. पण ते मला खणून झाल्यावर कळलं, खणायच्या आधी नव्हे. फोटो काढून टाकलाय आणि त्या जागी दोन ओळी घातल्यात.

किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना मी ‘पिसाळल्यासारखी धावून आली’ असं म्हटलं, त्याचाही तुम्हाला राग आला. आमच्याकडे रागावलेल्या मास्तरांनाही पिसाळला म्हणतात हो, पण तुमचा मुद्दा पोचला. गोव्यात २०१४ पासून घरोघर, वाड्यावाड्यावर कुत्र्यांना रेबीजची लस टोचत फिरणारी माणसं आहेत आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. हे जिथे एवढ्या कष्टाने साधलं, तिथल्या कुत्र्यांना तो शब्द वापरायला नको होता. बदलला. ती आपल्या हद्दीत आलेल्या पाहुण्यावर भुंकत होती, एवढंच.

आता खोली. इथे मात्र मी मागे हटणार नाही.

पहिली गोष्ट, ती स्वस्त नव्हती. रात्रीचे ३२०० रुपये, वर गुंड्याचे ८०० वेगळे, आणि ते आठशे तिथे पोचल्यावर कळले. जाहिरातीत ‘पेट फ्रेंडली’ लिहिलेलं होतं. मी वजन आणि जातीसकट निरोप पाठवला होता, त्यावर अंगठा आला होता. दुपारी दीडला पोचलो तर राखणदार म्हणतो, कुत्रा खोलीत नाही, मागे पाण्याच्या पंपाशी बांधा. मे महिना, डोक्यावर पत्रा, शेजारी घरघरणारा पंप. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच काय थंड व्हायचा तो होतो. अर्धा तास फोनवर हुज्जत घातल्यावर दार उघडलं. ‘कुत्रा चालेल’ याचा अर्थ तिथे ‘कुत्र्याचे पैसे चालतील’ असा होता. हे मी गोव्याबद्दल म्हणत नाही, महाबळेश्वरलाही हाच अनुभव घेतलाय, फक्त तिथे थंडी असल्याने राग कमी आला.

खोलीत कुबट वास, गादी हाताला ओलसर, एसीचं पाणी बादलीत टपटपतंय. हे सगळं सोसलं असतं. रात्री दहाच्या सुमारास गुंड्या पायाची बोटं कुरतडायला लागला. मोबाईलचा उजेड धरून बघितलं तर दोन बोटांच्या मध्ये गोचीड. मग कानाच्या घडीत. मग नवऱ्याने पलंग ओढला, आणि भिंत नि फरशी जिथे मिळतात तिथल्या फटीत आधी मातीचे कण वाटले ते चालायला लागले. मोहरीपेक्षा बारीक. भिंतीवर दोन-तीन टम्म फुगलेल्या, राखाडी, एरंडाच्या बीसारख्या.

काका, त्या आमच्या नव्हत्या हे मी याच्यावरून म्हणते. कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड घरात राहू शकते, हेच तिचं दुखणं. मादी रक्त पिऊन फुगली की अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. त्या अंड्यांतून पिल्लं निघायला आठवडे लागतात. त्या दिसल्या तेव्हा आम्हाला त्या खोलीत आठ तास झाले होते. गुंड्या कितीही कर्तबगार असला तरी आठ तासांत तीन पिढ्या वसवणं त्याच्याच्याने होणार नाही. मालकांचंही फोनवर तेच, ‘तुमच्याच कुत्र्याने आणल्या’. त्यांनाही हेच सांगितलं असतं, पण त्यांनी फोन ठेवला.

माझी चूक होती ती वेगळी. गुंड्याचा गोचिड्यांच्या औषधाचा महिन्याचा डोस चार दिवस उलटून गेला होता, आणि मी ‘आल्यावर देऊ’ म्हणून निघाले. बाराव्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. रक्त तपासलं तर प्लेटलेट ४८ हजार, हव्यात दोन लाखांच्या आसपास नि वर. महिनाभर गोचीडतापाच्या गोळ्या चालल्या. आता बरा आहे, कालच शेजारच्यांची चप्पल खाल्ली.

रेल्वेचं बोलायचं तर कुत्र्याला आपल्याजवळ ठेवायचं असेल तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत आणि आपण आपल्या बर्थवर. शिवाय कोल्हापूरहून आधी मिरज गाठायचं, मग लोंढ्यावरून मडगाव, आणि मडगावहून पुन्हा पेडणे. आजरा-आंबोली-सावंतवाडी करत गाडीने पाच तासांत होतं. आम्हाला साडेआठ लागले, कारण पहाटे चारला मी त्याला पोटभर दहीभात घातला होता आणि तो त्याने घाट सुरू व्हायच्या आधीच मागच्या सीटवर परत केला. सीट धुवा, पिशव्या धुवा, त्याला फिरवा, पुन्हा निघा, पुन्हा तेच. त्या साडेतीन तासांना गोवा जबाबदार आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. आणि ‘घाटी’ म्हणालात, ते बिनशर्त मंजूर. घाट उतरूनच आलो, सीटवर अजून वास आहे.

तुमच्या एका वाक्याने मात्र मला खरंच गप्प केलं. ‘अख्ख्या लेखात एकसुद्धा गोंयकार धड नाही का भेटला?’ भेटला होता. भेटली होती. लेखात तिला मी अर्धी ओळ दिली, ‘शेजारच्या एका बाईंनी मदत केली’, आणि त्या ओलसर गादीला अख्खा परिच्छेद.

रात्री साडेअकराला सामान घेऊन आम्ही रस्त्यावर उभे होतो. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या दगडी बाकांच्या ओसरीत, बसल्या होत्या, पायाशी त्यांची दोन सुणीं, म्हणजे कुत्री. काय झालं हे त्यांनी आम्हाला विचारलंच नाही. गुंड्याकडे बघून म्हणाल्या, “जेवलो गे हो?” नाही म्हटल्यावर आत गेल्या आणि ॲल्युमिनियमच्या टोपात दुपारची पेज घेऊन आल्या, वर काटे काढलेला बांगडा कुस्करलेला. सकाळचा दहीभात गमावल्यापासून त्याने काही खाल्लं नव्हतं. टोप चाटूनपुसून त्याने बल्कांवाच्या पायरीपर्यंत ढकलत नेला. आम्ही उरलेली रात्र तिथेच, दगडी बाकावर पाय पसरून काढली. गोचिड्या आहेत म्हणून मी गुंड्याला लांब बांधते म्हटलं, तर त्यांनी वाटी आणून दिली, एकेक काढून हिच्यात टाक म्हणून. पाण्यात त्या सहजी मरत नाहीत. मग नवऱ्याने पेडण्यात घेतलेली काजूची फेणी जड मनाने वाटीत ओतली. आजी बॅटरी धरून बसल्या, मी उपटत गेले, नवरा मोजत गेला. सतरा.

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला, आजींनी पाव घेतले, चहा झाला. पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि नाव विचारायचं राहिलंच. हा भाग आता लेखात घातलाय. खोलीचा परिच्छेद थोडा छाटलाय, काढलेला नाही.

कुत्रं पुन्हा आणणार का, असं तुम्ही शेवटी विचारलंत, बहुधा नको म्हणून. डिसेंबरात येतोय. औषधाचा डोस देऊन, उपाशीपोटी घाट उतरवून, मोरजीला न नेता, आणि इतर कुठल्याही किनाऱ्यावर साखळी हातात ठेवून. त्या आजींकडे टोप भरून काहीतरी न्यायचंय. आणि नवऱ्याच्या मते त्या वाटीत पाऊण पाव फेणी गेली, ती भरून काढायची आहे.